मरोदा ते दल्ली-राजहरा: चालणाऱ्यांसाठी एक वाट राखा

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, दुर्ग आणि बालोद. छत्तीसगड पर्यटन मंडळ. भिलाई पोलाद कारखान्याचे व्यवस्थापन. मंडल रेल्वे व्यवस्थापक, रायपूर. आणि मरोद्यापासून कुसुमकसापर्यंतच्या ग्रामपंचायतींचे सरपंच व पंच मंडळी,



या पत्राची हिंदी प्रत आपापल्या कार्यालयांच्या आवक खिडकीवर रीतसर पोहोचेल. मराठीत ते छापायला देते आहे, कारण ज्यांच्या वतीने लिहिते आहे त्यांतली बरीच मंडळी घरी मराठी बोलतात. विदर्भातल्या गावागावांतून भिलाईच्या प्लांटच्या नोकरीसाठी आलेली ही घरे. सेक्टरच्या क्वार्टरमध्ये संसार झाले, मुले पुण्या-बंगळूरला गेली, आणि आता रोज पहाटे जयंती स्टेडियमभोवती चकरा चालू आहेत. डॉक्टर म्हणतात चाला, म्हणून चालायचे. त्याच त्या झाडांना वळसा घालून त्याच त्या बाकावर येऊन बसायचे. यातल्या कितीतरी जणांचे आईवडील आषाढीला पंढरपूरला पायी गेलेले आहेत. काहींच्या कपाटात जगन्नाथ कुंट्यांचे ‘नर्मदे हर हर’ आहे, त्याची पाने वाचून वाचून सुटलेली आहेत. पण नर्मदेची परिक्रमा म्हणजे अडीच हजारांहून जास्त किलोमीटर. साठीतल्या, गुडघ्याला पट्टा बांधणाऱ्या माणसाने तिथून सुरुवात करायची नसते. त्याला शेजारची वाट हवी.

ती वाट आमच्या दारातच आहे. मरोदा स्थानकापासून दल्ली-राजहरापर्यंत, रेल्वेमार्गाच्या आसपासच्या गावांमधून, कधीही लांब न चाललेल्या माणसाला आठ दिवसांत, न धापा टाकता जाता येईल अशी पायवाट आम्ही मागतो आहोत. रेल्वेने दुर्ग ते दल्ली हे अंतर सुमारे पंच्याऐंशी किलोमीटर आहे. गावांतून वळणे घेत गेले तर शंभराच्या आसपास. चढ जवळजवळ नाही. रस्ता बांधायचा नाही, कमान उभारायची नाही. जे आहे ते नोंदवायचे, राखायचे आणि चालणाऱ्याला सांगायचे, एवढेच काम आहे.

हाच पट्टा का, ते आधी सांगते. २ फेब्रुवारी १९५५ला सोव्हिएत संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. तेव्हापासून दल्ली-राजहराच्या डोंगरातला लोहखनिजाचा दगड याच रुळांवरून भिलाईत येतो. पाणीही याच बाजूने येते. बालोदजवळच्या तांदुला धरणाचे पाणी कालव्याने मरोद्याच्या तलावात पडते आणि तिथून कारखान्यात आणि आमच्या नळांत. म्हणजे साठ-पासष्ट वर्षे आमचे लोखंड आणि आमचे पाणी उतई, गुंडरदेही, लाटाबोड, बालोद या गावांच्या अंगणातून आले. भिलाईत जन्मलेल्या माणसाला विचारा, लाटाबोड कुठल्या बाजूला? उत्तर येत नाही. गाडीच्या खिडकीतून स्थानकाची पाटी पाहिली असेल तर तेवढीच.

कालवा आणि रेल्वे या दोन्हींचा एक उपयोग अभियंत्यांनी कधी मनात धरला नसेल. कालव्याला उतार अगदी बेताचा ठेवावा लागतो, म्हणून त्याचा बांध चालायला सपाट. नवख्या पायांना याहून चांगली जमीन मिळणार नाही. आणि रेल्वेमुळे प्रत्येक मुक्कामाच्या जवळपास एक स्थानक आहे: मरोदा, रिसामा, गुंडरदेही, लाटाबोड, बालोद, कुसुमकसा, दल्ली-राजहरा. नवखा माणूस अंतराला फारसा घाबरत नाही. तिसऱ्या दिवशी पायाला फोड आला, ताप भरला, घरून फोन आला, तर परत कसे जायचे याला तो घाबरतो. ज्या वाटेवर रोज संध्याकाळी घरी जाणारी गाडी मिळू शकते, तिथे घरची माणसेही निर्धास्तपणे पाठवतात. शिवाय सलग आठ दिवस कोणाला जमले नाही तर एका रविवारी एक टप्पा, पुढच्या महिन्यात दुसरा, असेही चालता येते. नोकरीत असलेल्यांना तर हाच मार्ग आहे.

आपल्याला हे जमणार नाही असे म्हणायला जागा नाही. चैत्रात आणि आश्विनात, दोन्ही नवरात्रांत, भिलाई-दुर्गहून हजारो लोक राजनांदगावमार्गे डोंगरगडच्या बम्लेश्वरीला पायी जातात. आपण त्या दिवसांत काय काय करता ते आम्ही दरवर्षी पाहतो. पोलीस रस्त्याची एक बाजू राखतात, डोंगरगडला जादा गाड्या थांबतात, जागोजाग सेवा पंडाल लागतात. कुठे चहा, कुठे खिचडी, कुठे पायांना तेल लावून देणारी पोरे. मलमपट्टीला माणूस बसलेला असतो. आयुष्यात कधी पाच किलोमीटर न चाललेली कॉलेजची मुलगी, दुकानात दिवसभर गल्ल्यावर बसणारा माणूस, कडेवर लेकरू घेतलेली सून, सगळे सत्तर-ऐंशी किलोमीटर चालून जातात आणि वर डोंगराच्या हजारावर पायऱ्या चढतात. ही सगळी नवखीच माणसे. त्यांना बळ श्रद्धा देते हे खरे, पण पाणी, सावली आणि ‘पुढे अजून एक पंडाल आहे’ ही खात्री आपण देता.

मात्र ती वाट राष्ट्रीय महामार्गाची आहे. त्रेपन्न क्रमांकाच्या महामार्गावर रात्री ट्रकच्या उजेडात चालावे लागते. दहाव्या दिवशी पंडाल उठतात आणि त्या रस्त्यावर पायी चालणाऱ्याला कोणी विचारत नाही. वर्षातल्या उरलेल्या दिवसांसाठी, ट्रकपासून दूर, गावांच्या आतून जाणारी वाट हवी. वाटेचे ज्ञान आपल्याकडे आहेच. ते नवरात्राबाहेर काढायचे आहे.

ठरलेली वाट नवख्याला बळ देते हे वारीतही दिसते. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. एरवी जिना चढताना थांबणारी म्हातारी तिथे चालते, कारण दुपारचे जेवण कुठे, रात्रीचा मुक्काम कुठे, हे तिला विचारावे लागत नाही. एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी पालखीची शिस्त घालून दिली. मुक्काम ठरले, दिंड्यांचा क्रम ठरला. वाटेवरच्या गावांना आपली तिथी पाठ असते. पायाला जेवढे करावे लागते त्याहून जास्त काम या ठरवलेपणाने आधीच केलेले असते. आमच्या वाटेवर लाखो लोक येणार नाहीत, आठवड्याला वीसजण आले तरी पुष्कळ. तेव्हा हे ठरवणे तितके अवघडही नाही.

आता मुख्य गोष्ट: वाट कुठून जाईल?

छत्तीसगडच्या जवळजवळ प्रत्येक गावाला धरसा आहे. बैलगाड्या आणि गुरे खारात, म्हणजे गावाबाहेरच्या शेतांत, नेण्याची ही मातीची वाट. दोन्ही बाजूंना बाभळी, मधे चाकोऱ्या. एका गावचा धरसा शिवेवर संपतो आणि बहुधा तिथेच पलीकडच्या गावचा सुरू होतो. असे धरसे जोडत गेले तर डांबरी रस्त्याला जवळजवळ न शिवता आपण बालोदपर्यंत जाऊ शकतो, असे या गावांतली जुनी सियान, म्हणजे वडीलधारी, मंडळी सांगतात. पूर्वी बाजाराला, लग्नाला, मडईच्या जत्रेला लोक असेच जात. आता अडचण अशी की ट्रॅक्टर आला, डांबरी रस्ता झाला, आणि वापर कमी झालेला धरसा दोन्ही बाजूंच्या शेतांनी दरवर्षी वीतभर खाल्ला. काही ठिकाणी नकाशात वाट आहे आणि जमिनीवर धान उभे आहे. काही वर्षांपूर्वी राज्य सरकारने धरसे सुधारण्याची योजना जाहीर केली होती. तिचे पुढे काय झाले हा वेगळा विषय. पण त्या निमित्ताने का होईना, ‘धरसा’ हा शब्द सरकारी कागदावर आला, हे आमच्या पथ्यावर पडले.

कायद्यातही जागा आहे. छत्तीसगड भू-राजस्व संहिता, १९५९ मधले कलम २४२ वाजिब-उल-अर्जबद्दल आहे. गावातल्या पाण्याच्या, वाटेच्या, मासेमारीच्या ज्या वहिवाटी चालत आल्या त्या यात नोंदवायच्या असतात. कलम २३४चे निस्तार पत्रक गावच्या पडीक आणि चराऊ जमिनीच्या वापराचे आहे. शेतकऱ्याला शेतावर जायच्या वाटेचा वाद झाला, तर कलम १३१खाली तहसीलदार स्थानिक चौकशी करून, पूर्वीची वहिवाट पाहून निकाल देतात. यातून भिलाईच्या पेन्शनराला त्या वाटेवर आपोआप हक्क मिळतो असे माझे म्हणणे नाही. त्यासाठी ग्रामसभेचा ठराव लागेल, आणि तो गावाने खुशीने करायला हवा. पण धरसा नोंदीत पक्का झाला तर पहिला फायदा गावातल्याच शेतकऱ्याचा आहे, ज्याची बैलगाडी आज शेजाऱ्याच्या मर्जीवर जाते. चालणारे पाहुणे हे त्या नोंदीचे निमित्त ठरोत.

इंग्लंडमध्ये १९४९च्या कायद्याने हेच केले. प्रत्येक काउंटीने आपल्या हद्दीतल्या पायवाटा शोधून नकाशावर उतरवायच्या, असे बंधन घातले. तिथे आज लोक शेतातून, मेंढ्यांच्या कुरणातून हक्काने चालतात ते त्या नकाशांच्या जोरावर. आमच्या संहितेतला वाजिब-उल-अर्ज त्यानंतर दहा वर्षांनी आला आणि दफ्तरात पडून राहिला. पटवारी, कोटवार आणि गावातले दोन सियान एक सकाळ शिवेपर्यंत चालले तर एका गावचे काम होते. दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांना आमची पहिली विनंती हीच: या पट्ट्यातल्या गावांचे धरसे, कालव्याचे बांध आणि तलावाच्या पाळी एका नकाशावर आणा. कालव्याच्या बांधासाठी जलसंपदा विभागाची परवानगी लागेल. ती आमच्यासारख्यांनी मागितली तर फाइल फिरत राहील, आपण मागितली तर एका बैठकीत होईल.

वाट निवडताना जमिनीची जात बघा, ही विनंती थोडी तांत्रिक वाटेल, पण इथला शेतकरी लगेच समजेल. कन्हार म्हणजे काळी माती. थोडा पाऊस झाला की पायाला चिकटते, बुटाचे वजन दुप्पट होते, आणि नवखा माणूस तिथेच हार मानतो. मटासीवर ओल लवकर जाते. भाठा, म्हणजे मुरमाड तांबडी पडीक जमीन, पिकाला निकामी पण चालायला उत्तम. फक्त सावली नसते. जिथे कन्हार टाळता येत नाही तिथे पावसानंतरच्या दिवसासाठी पर्यायी रस्ता दाखवा. आणि रुळांच्या कडेने वाट नेऊ नका. तिथली खडी पाय मोडते, आणि रेल्वेच्या हद्दीत शिरणे गुन्हा आहे हे सांगायला नको. स्थानके हवीत, रूळ नकोत.

हंगाम डिसेंबरचा मध्य ते फेब्रुवारी. त्याआधी लुवई-मिंजाई, म्हणजे धानाची कापणी-मळणी, चालू असते, बांधावर माणसांची आणि गाड्यांची लगबग असते. पाहुण्यांकडे बघायला कोणाला सवड नसते आणि नसावीही. एकदा खार रिकामे झाले की मेढीवरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, मोकळे चालता येते. धानात उतेरा पद्धतीने पेरलेला तिवरा तेव्हा हिरवागार असतो आणि त्याची कोवळी भाजी घराघरांत शिजते. सरकारी धान खरेदीमुळे डांबरी रस्त्यावर तेव्हा ट्रॅक्टरांच्या रांगा लागतात, आत धरसा शांत असतो. पौष पौर्णिमेला छेरछेरा. पोरे सूप-टोपली घेऊन दारोदार धान मागतात आणि मागणाऱ्याला कोणी रिकामे पाठवत नाही. त्या दिवशी वाटेवर असणारा माणूस नशिबाचा. मार्चनंतर मात्र वाट बंद करा. चव्वेचाळीस अंशांत नवख्यांना चालवणे हा अपराध आहे, आणि उन्हाळी धानाला कालव्याचे पाणी सुटले की मेढीही ओल्या होतात.

मुक्कामाला नवे बांधकाम नको, हे पुन्हा सांगते, कारण पर्यटन म्हटले की आपल्याकडे आधी सिमेंट येते. जवळजवळ प्रत्येक गावात सामुदायिक भवन आहे, रामायण गाणाऱ्या मानस मंडळीचा रंगमंच आहे, पचरीचा, म्हणजे पायऱ्यांच्या घाटाचा, तलाव आहे. भवनाची किल्ली कोणाकडे असते हे दारावर लिहिलेले असावे, दिवा लागावा, चटई-सतरंजी असावी. आणि संडास. या एका गोष्टीवर आम्हा बायकांचे चालणे अडते. वाटेवरच्या प्रत्येक पाच-सहा किलोमीटरला आतून कडी लागणारा, पाणी असलेला, कुलूप नसलेला संडास हवा. शाळेचा, पंचायतीचा, अंगणवाडीचा, कोणाचाही चालेल. नुसता बांधलेला मोजू नका. तो उघडा आहे आणि त्यात पाणी आहे हे मोजा. पुरुष अधिकाऱ्यांना ही बाब यादीत शेवटची वाटते म्हणून ती इथे मधोमध लिहिली आहे.

जेवण गावच्या बिहान बचतगटाच्या बायकांकडे सोपवा. भात, डाळ, चेच किंवा तिवऱ्याची भाजी, सकाळी चिला नाहीतर फरा. दुपारी कोणाला हवे असेल तर बोरे-बासी: पाण्यात भिजवलेला भात, मीठ, कांदा, हिरवी मिरची. चालून आलेल्याला पाणी आणि मीठ दोन्ही एका कटोऱ्यात मिळते. बाजारातल्या रंगीत पाण्याच्या बाटलीची गरज उरत नाही. दर ग्रामसभेने ठरवावा आणि भवनाच्या भिंतीवर रंगवावा, म्हणजे घासाघीस नाही आणि पाहुणचाराच्या नावाखाली गटाच्या बायकांचे फुकट राबणेही नाही. पायाचे फोड, जुलाब, अंगदुखी यासाठी गावची मितानीन, म्हणजे गावातलीच आरोग्यसेविका, पुरेशी आहे. २००२ पासून मितानीन योजना छत्तीसगडच्या गावांत आहे आणि लोकांचा तिच्यावर विश्वास आहे. पण हे तिचे जादा काम असेल, तर त्याचे मानधनही जादा असावे.

एक गोष्ट जरा अवघड आहे, तरी लिहिते. वाट फक्त मालगुजाराच्या जुन्या वाड्यासमोरून आणि मोठ्या मंदिरापाशी जाऊ नये. अनेक गावांत सतनामी पारा, म्हणजे वस्ती, आहे, गोंडांचा पारा आहे, सतनाम्यांचा पवित्र जैतखांब आहे. ते बहुधा गावाच्या कडेला असतात आणि पाहुण्यांना तिथे कोणी नेत नाही. आमचा आग्रह आहे की मुक्काम पाळीपाळीने वेगवेगळ्या पाऱ्यांत असावा आणि तिथल्याही बायकांच्या हातचे जेवण असावे. ज्याला ते चालत नसेल त्याने स्टेडियमभोवती चकरा मारलेल्या बऱ्या.

टप्प्यांचे बोलायचे तर पहिला दिवस उतईपर्यंतच, सकाळच्या काही तासांचा. नवख्या माणसाला पहिल्या दिवशी दमवायचे नसते. वाटेजवळ पुरई आहे, जिथली पोरे गावच्या तलावात पोहायला शिकून नावाजली. त्या तलावाच्या पाळीवर न्याहारी करता येईल. तिथून रिसामा, मग तांदुला नदीकाठचे गुंडरदेही. पुढे लाटाबोडकडून बालोद. बालोदला एक पूर्ण दिवस विसावा ठेवा. झलमल्याची गंगामैया जवळ आहे, आदमाबादला धरणाचा बांध आहे, ज्या पाण्याच्या काठाने आपण आलो ते कुठून निघते ते तिथे पाहता येते. ज्यांचे पाय अजून शाबूत असतील त्यांनी धमतरी रस्त्याने बसने करकाभाटला जावे. लोहयुगातल्या माणसांनी आपल्या मृतांवर उभ्या केलेल्या शिळा तिथे माळावर आहेत. पोलादाच्या गावातून निघालेल्या माणसाला लोखंडाच्या त्या जुन्या शेजाऱ्यांची ओळख असावी.   

बालोदनंतर कुसुमकसाकडे जंगल लागते. गेल्या काही वर्षांत या भागात हत्ती येऊन गेले आहेत आणि माणसे दगावली आहेत. तेव्हा वनविभागाने रोज सकाळी बालोदच्या मुक्कामावर वाट खुली की बंद, एवढे कळवावे. बंद असेल तर गाडीत बसायचे आणि दल्लीला उतरायचे. या टप्प्यावर धाडस दाखवायला कोणाला वाव देऊ नका.

दल्ली-राजहरात शेवट करण्यामागे आणखी एक विचार आहे. खाणीचा डोंगर पाहून लोक परत येतील, पण त्यांनी शहीद हॉस्पिटलही पाहावे. ठेक्यावरच्या खाणकामगारांनी १९८३मध्ये स्वतःच्या वर्गणीतून आणि श्रमातून ते उभे केले. त्या कामगारांचे पुढारी शंकर गुहा नियोगी यांचा २८ सप्टेंबर १९९१ला खून झाला, तो भिलाईत. प्लांटचा इतिहास सांगणाऱ्या फलकांवर झोतभट्ट्यांच्या तारखा असतात. या तारखाही वाटेवर कुठेतरी लिहिल्या जाव्यात, ही कारखान्याच्या व्यवस्थापनाला विनंती. आपल्याला त्या आवडत नसतील तर ग्रामपंचायत लिहील. फक्त अडवू नका.

व्यवस्थापनाकडे मागणे तसे थोडेच आहे. सामाजिक दायित्वाच्या निधीतून मुक्कामाच्या गावांत चटया, पाण्याच्या टाक्या आणि मितानिनींच्या जादा औषधपेट्या. सेक्टर नाइनच्या रुग्णालयात चालायला निघण्याआधी एक तपासणी, म्हणजे कोणाचा रक्तदाब किती हे निघण्याआधीच कळेल. रेल्वेला सांगायचे तर नवी गाडी मागत नाही. संध्याकाळची गाडी रद्द होणार असेल तर ते मुक्कामाच्या भवनात दुपारपर्यंत कळावे, आणि या मार्गाचे वेळापत्रक हिंदीत, मोठ्या अक्षरांत, गावच्या चौकात लागावे. मालगाडी आधी जाणार हे आम्हाला मान्य आहे. आमचे पगार त्यातूनच झाले.

पर्यटन मंडळाशी मात्र थोडे भांडण आहे. राम वनगमन परिपथात आपण मोठ्या मूर्ती, कमानी, रोषणाई केली. चंदखुरीला कौसल्या मंदिरापाशी गर्दी होते, गाड्या लागतात, चांगलेच आहे. पण ज्या वनगमनात चालण्याखेरीज काही नव्हते, त्याच्या परिपथावर चालणाऱ्यासाठी वाट ठेवायची राहून गेली. महाराष्ट्रातही पालखी मार्ग चौपदरी झाला, आणि वारकऱ्यांना त्यात वडांची सावली गमवावी लागली. आमच्या वाटेवर तसे करू नका. खांबावर एक रंगीत पट्टा, झाडावर एक बाण, शिवेवर एक दगड, एवढ्या खुणा पुरतात. स्पेनमध्ये सांतियागोच्या यात्रेत शेवटचे शंभर किलोमीटर चालले की प्रमाणपत्र मिळते. त्यासाठी यात्रेकरू वाटेवरच्या गावांत शिक्के गोळा करतात, आणि हजारो नवखे त्या शंभर किलोमीटरसाठीच सारिया नावाच्या गावापासून चालायला लागतात. आमची वाटही तेवढीच आहे. प्रत्येक ग्रामपंचायतीकडे शिक्का आहे, शाईची उशी आहे. पर्यटन मंडळाने एक साधी वही छापावी. शिक्के सरपंच मारतील. त्या निमित्ताने चालणारा पंचायतीत येईल, नाव नोंदवेल, किती आले ते कळेल आणि कोणी हरवला तर शेवटचा शिक्का कुठला ते पाहता येईल.

सरपंच मंडळींना शेवटी लिहिते, पण हे सगळे तुमच्या होकारावर आहे. आम्ही पाहुणे म्हणून येऊ, पिकात पाय टाकणार नाही, तलावावर आंघोळीच्या वेळी फोटो काढणार नाही, कचरा परत नेऊ. तुम्हाला हे नको असेल तर तेही सांगा. मग वाट तुमच्या गावाला वळसा घालून जाईल. हो म्हणणार असाल तर येत्या ग्रामसभेत धरशाची नोंद आणि भवनाच्या किल्लीचा विषय घ्या.

आमच्या बाजूचे काम आम्ही सुरू करतो आहोत. पहिल्या टप्प्याच्या धरशांचा हाताने काढलेला नकाशा दोन्ही कलेक्टर कार्यालयांना देऊ. धान कापून झाल्यावर, डिसेंबरातल्या तिसऱ्या रविवारी, सकाळी साडेसहाला मरोदा स्थानकाबाहेर जमून उतईपर्यंत चालणार आहोत. आपल्यापैकी ज्यांना शक्य असेल त्यांनी यावे, पटवाऱ्यांना नकाशासह पाठवले तर फारच उत्तम. येताना पाण्याची बाटली भरून आणा. वाटेतले कोणते हापसे चालू आहेत आणि कुठल्या संडासाला कडी आहे, हे त्याच दिवशी लिहून काढायचे आहे.

आपली,
भिलाईतील एक निवृत्त शिक्षिका,
सकाळी चालणाऱ्या मंडळींच्या वतीने